रोहितांच्या हिवाळी घरातले पाहुणे

त्या हिवाळ्यात गुलदर्रे नगरपालिकेच्या ताब्यातली एकच जागा धड उबदार होती, आणि ती रोहित पक्ष्यांसाठी बांधलेली होती.

बाकी कचेऱ्यांचा गॅस सकाळ सरायच्या आतच बंद होई. घरोघरच्या शेगड्यांना पुरा पडावा म्हणून वरून तसे ठरले होते आणि त्यात गैर काही नव्हते. डोंगरपायथ्याच्या या गावात यल्दाची, म्हणजे वर्षातली सर्वांत लांब रात्र उलटली की नळ फुटतात, द्राक्षवेली मातीखाली झाकाव्या लागतात आणि माणसे जेवतानाही टोपी काढत नाहीत. पक्षिउद्यानातल्या हिवाळी घराचा गॅस मात्र अहोरात्र चालू होता. तो मिळवला होता उद्यानाच्या डॉक्टर फरंगीस सुतूदे हिने. तीन वर्षे ती प्रत्येक बैठकीत एकच वाक्य बोलत आली होती : हे पक्षी थंडीने मरतील. अखेर सहा मेले, तेव्हा घर मंजूर झाले.

रोहित गुलदर्रेला आले तेच मुळी फरंगीसमुळे. पंधरा वर्षांपूर्वी, ती नुकतीच पदवी घेऊन आलेली असताना, पलीकडच्या खोऱ्यातले खारे तळे एका उन्हाळ्यात मागे हटले. मोठे पक्षी उडून गेले, पिल्ले राहिली. राखाडी रंगाची, उडता न येणारी ती पिल्ले मिठावरून पाण्याच्या शोधात चालत सुटली आणि चालता चालता त्यांच्या पायांत मिठाचे तोडे साचले. फरंगीसने ते तोडे बोटांनी फोडले, पिल्ले मनुकांच्या खोक्यांत घातली आणि गावात आणली. पंचेचाळीसेक जगली. त्यांच्याबरोबर पंख मोडलेली एक मोठी मादीही आली होती. पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या मश सफदरने तिचे नाव हाज खानम ठेवले. ती जाईल तिकडे थवा जाई.

मागच्या हिवाळ्यात उद्यानातले तळे, जिथे पक्षी राहत, एका रात्रीत गोठले. सकाळी कुत्रे भुंकले, थवा बर्फावरून पळाला आणि सहा पक्ष्यांचे पाय मोडले. त्यांत हाज खानम होती. त्यानंतर प्रांताच्या पर्यावरण खात्याकडून निरोप आला, की पुढच्या हिवाळ्यात ऐन थंडीत आमचा माणूस पाहायला येईल. पक्षी उबेत आणि सुखरूप दिसले तर ठीक, नाहीतर सगळा थवा दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका बागेत हलवला जाईल. अट न्याय्य होती, हे फरंगीसलाही मान्य होते. पण मध्ये दोन घाट होते, ट्रकचा दीड दिवसाचा प्रवास होता आणि वेताच्या काडीसारखे पाय होते. निम्मे पोहोचले असते तरी नशीब म्हणायचे.

म्हणून तळे रिकामे केले गेले, घर बांधले गेले. आत एक पसरट टाके, भिंतीला गॅसचे मोठे हीटर, रुंद दार. दुपारच्या उन्हात पक्षी समोरच्या कोरड्या अंगणात फिरत आणि सूर्य डोंगराआड जाऊ लागला की फरंगीस आणि सफदर हात पसरून, सावकाश चालत, थवा दारापर्यंत आणत. तिथे थवा थांबे. सगळ्यात पुढचा पक्षी मान लववून बाजूला सरके आणि दुसऱ्याला वाट देई. दुसरा तिसऱ्याच्या मागे जाऊन उभा राही. हाज खानम होती तेव्हा हा प्रश्न नव्हता, ती कुणाचीच भीड धरत नसे. आता चाळीस पक्षी दारापाशी एकमेकांना माना लववत गोल गोल फिरत आणि आतली ऊब बाहेर जाई.

"पंधरा वर्षं आपल्यात राहिले, खानम डॉक्टर," सफदर म्हणाला. "आपलेच झाले. आता कुणी कुणाच्या आधी आत शिरायचं नाही."

"मग तुम्ही शिरा आधी. तुमच्यामागे येतील."

"तुम्ही इथं उभ्या असताना? तौबा."

शेवटी दोघांनी मिळून, बरोबरीने, पाठमोरे होत आत जायची रीत पाडली. तेव्हा कुठे थवा मागोमाग येई.

माणसे आत आली ती मात्र एकेक करून आणि अगदी रीतीने.

पहिला आला सफदरचा सामोवार, चहाच्या पाण्याचा मोठा बंब. वाफेने हवा कोरडी पडत नाही, पक्ष्यांना बरे, असे तो म्हणाला. ते खरे होते, आणि पंचाईत तिथेच झाली. मग तूबा खानम आल्या. त्या उद्यानाच्या हिशेबनीस, गुडघ्यांनी बेजार. त्यांच्या खोलीत शाई गोठत होती. एका सकाळी कुशीत गरम पाण्याची पिशवी धरून त्या दारात उभ्या राहिल्या आणि आपण उगाच अडचण करायला आलो, असे म्हणाल्या. फरंगीसने तेच सांगितले जे गुलदर्रेतल्या कुणीही सांगितले असते.

"छे, तूबा खानम. घर तुमचंच आहे."

तूबा खानमनी रिवाजाप्रमाणे दोनदा नको म्हटले आणि तिसऱ्यांदा बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे टेबल आले.

मग नगरपालिकेच्या सगळ्या बागांचे प्रमुख जर्राबीआगा पक्ष्यांची हालहवाल विचारायला आले. त्यांना चहा दिला गेला. खडीसाखर दाताखाली धरून त्यांनी तीन पेले संपवले, पक्ष्यांकडे एकदा पाहिले आणि आपल्या उपस्थितीमुळे डॉक्टरांच्या कामात व्यत्यय येत असेल, अशी शंका बोलून दाखवली. घर तुमचेच आहे, असे त्यांनाही सांगावे लागले. त्यांचे टेबल आणायला दोन माणसे लागली. पुढे ज्यांना जर्राबीआगांची सही हवी ते लोक येऊ लागले, आणि सहीला वेळ लागे म्हणून बसू लागले. दोन निवृत्त मुख्याध्यापक सोंगट्यांचा पट घेऊन आले. नगरसभेतले सर्वांत वयस्कर हाजी बेहरूज रोज अकराच्या सुमारास येत आणि आपण आता निघतोच आहोत, असे दुपारच्या जेवणापर्यंत सांगत. जेवणाला कुणाच्या घरून आशचे, म्हणजे दाट कढणाचे, पातेले येई, कुणाकडून लसणाचे लोणचे. ऐन थंडीचा बहमन महिना लागेपर्यंत गावात असे झाले की नगरपालिकेत कुणाला भेटायचे असेल तर माणूस सरळ रोहितांकडेच येई.

फरंगीसला नको म्हणता आले असते, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. तिने मनात तसे बोलून पाहिलेही होते. पण गुलदर्रेत 'नको' हा शब्द पाहुण्याने वापरायचा असतो, यजमानाच्या वाट्याला तो येत नाही. प्रत्येक नवा माणूस दारात हात छातीवर ठेवून उभा राहिला की तिच्या तोंडून तेच वाक्य बाहेर पडे. प्रत्येक वेळी घरातला आणखी एक कोपरा जाई.

पक्षी मागच्या अर्ध्या भागात सरकले. मध्ये जाळीचे पार्टिशन आले. सामोवार राहिला जाळीपलीकडे, पक्ष्यांच्या बाजूला, कारण त्याच्यासाठी नळ तिथेच होता. सफदर पेल्यांचे तबक घेऊन जाळीच्या झडपेतून ये-जा करी. पक्षी दूरच्या भिंतीला चिकटून उभे राहत, एका पायावर खरे, पण डोळे उघडे. एरवी या दिवसांत त्यांची कवायत सुरू व्हायची. सगळा थवा माना ताठ करून डावी-उजवीकडे डोकी फिरवायचा, मग एकदम एका दिशेने झपाझप चालू लागायचा, मध्येच सगळे मिळून वळायचे. सफदर त्याला वरात म्हणे. यंदा वरात निघाली नव्हती. शिवाय पाय. हीटरच्या धगीने आणि काँक्रीटने तळवे फुटले होते. रोज सकाळी सफदर एकेक पक्षी बगलेत धरी आणि फरंगीस त्याच्या भेगांत मलम भरी. तिने वाळू टाकून पाहिली. ती वाळू माणसांच्या बुटांबरोबर टेबलांखाली गेली, आणि तूबा खानमनी, तक्रार नव्हे, पण आपल्या चष्म्यात वाळू कशी जाते याचे नवल वाटते, असे सांगितले.

घर उबदार होते आणि पक्षी जिवंत होते. अट तेवढीच होती. फरंगीस स्वतःला रोज हे सांगे.

प्रांताच्या पर्यावरण खात्याचे इंजिनीयर, मोहंदेस कलबासी, येणार असल्याचे कळले त्या दिवशी फरंगीसने धीर एकवटला आणि सगळ्यांना विनंती केली, की बुधवारी, फक्त त्या सकाळपुरती, जागा मोकळी ठेवावी. सगळ्यांनी मनापासून होकार दिला. हाजी बेहरूज म्हणाले, यात विचारायचे काय, घर पक्ष्यांचे आहे. मुख्याध्यापकांनी पट गुंडाळलाही.

बुधवारी रोजच्या दुप्पट माणसे आली. डॉक्टरांच्या आयुष्यातला एवढा महत्त्वाचा दिवस आणि आपण पाहुण्याच्या स्वागताला नसावे, हे कुणालाच बरे वाटले नव्हते. तूबा खानमनी घरून साखरेत घोळवलेले बदाम आणले होते. मोहंदेसना बसवायचे कुठे, हा प्रश्न जर्राबीआगांनी आधीच सोडवला होता. दुसरी उबदार जागाच नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच्या दिवाणखान्यातला, वडिलांच्या वेळचा लाल गालिचा गाडीवर बांधून आणला आणि जाळीपासून दारापर्यंत अंथरला. समोरच्या वाटेवर बर्फ होता, पाहुणा घसरू नये म्हणून मागचे फाटक उघडून ठेवले. ते उन्हाळ्यानंतर प्रथमच उघडत होते.

फरंगीस गालिच्याकडे पाहत उभी राहिली. आता या गालिच्यावर वाळू पडणार, पक्ष्यांची शीट पडणार, आणि सगळे नीट झाले तरी जर्राबीआगांच्या कपाळावरची आठी वर्षभर जाणार नाही, असे काहीसे तिच्या डोक्यात चालले होते. जर्राबीआगांनी ती नजर हेरली.

"आवडला? तुमचाच समजा."

"तुमच्याच घरात शोभतो, आगा."

"नाही, नाही. मनापासून सांगतो. आजपासून तुमचा. हे सगळे साक्षीला आहेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रीत पुरी झाली, गालिचा होता तिथेच राहिला.

मोहंदेस कलबासी हा उंच, सडपातळ, थंडीने नाक लाल झालेला माणूस होता. मागच्या फाटकातून गाडी आत आली, मोहंदेस उतरले, जर्राबीआगा आणि हाजी बेहरूज सामोरे गेले आणि तिघे घराच्या दारापाशी आले. दार सताड उघडे होते. फरंगीस आत, जाळीपाशी उभी होती. सफदर नुकताच चहाचे तबक भरून झडपेतून बाहेर आला होता. दोन्ही हात गुंतले होते, म्हणून झडप त्याने पायाने ढकलली होती. ती लागली नव्हती.

जर्राबीआगांनी मोहंदेसना आत चलण्याची विनंती केली. मोहंदेसनी तुमच्या आधी ते कसे शक्य आहे, असे विचारले. तुम्ही पाहुणे, असे उत्तर मिळाले. मोहंदेसनी हाजी बेहरूज यांच्या पांढऱ्या दाढीकडे बोट केले आणि वडीलधाऱ्यांच्या पुढे पाऊल टाकण्याची आपल्या आईने शिकवण दिली नाही, असे सांगितले. हाजी बेहरूज म्हणाले, मी गावचाच, मी काय, कधीही शिरेन. मग जर्राबीआगांनी हाजींना कोपराशी धरले, हाजींनी मोहंदेसना, आणि मोहंदेसनी दाराची चौकट. डोंगरावरचा वारा त्या तिघांच्या मधून आत येत होता. तूबा खानमनी शाल डोक्यावरून ओढून घेतली. पट मांडून बसलेल्या मुख्याध्यापकाच्या हातातली सोंगटी गार पडली. दार लावा, असे पाहुण्याला कोण सांगणार?

फरंगीसला मागे काहीतरी बदलल्याचे आधी कानांनी कळले. थवा बोलू लागला होता. बदकांसारखा, खालच्या सुरातला तो कलकलाट तिने या हिवाळ्यात ऐकला नव्हता. तिने वळून पाहिले. एका पक्ष्याने मान ताठ केली होती आणि वाऱ्याच्या दिशेने डोके डावी-उजवीकडे फिरवत होता. मग दुसरा. मग एकदम सगळे. चाळीस माना, चाळीस डोकी, मुख्याध्यापकांनीही शाळेत कधी पाहिली नसेल अशी शिस्त.

तिने झडपेकडे हात नेला तोवर वरात निघाली होती.

पक्षी झडपेतून बाहेर आले, लाल गालिच्यावरून, खुर्च्यांच्या मधून, तूबा खानमच्या टेबलाला वळसा घालून झपाझप दाराकडे चालले. कुणी ओरडले नाही. ओरडायला वेळही नव्हता. दारातल्या तिघांनी गुलाबी गर्दी अंगावर येताना पाहिली आणि त्यांच्या हातून तेच घडले जे जन्मभर घडत आले होते. जर्राबीआगांनी हात छातीवर ठेवला आणि बाजूला झाले. हाजी बेहरूज बाजूला झाले. मोहंदेस कलबासींनी तर किंचित मानही लववली. त्या हिवाळ्यात त्या दारातून आढेवेढे न घेता पुढे गेलेले रोहित हेच पहिले.

फरंगीस त्यांच्यामागे निघाली, पण पळाली नाही. पळणे म्हणजे थव्याला पळवणे, आणि बाहेर जागोजागी बर्फ होता. ती हात पसरून चालत राहिली. तिच्या मागे सफदर, तबकासकट. थवा मोहंदेसांच्या गाडीशी फुटला, पलीकडे पुन्हा जुळला आणि उघड्या फाटकातून बाहेर पडला. फाटकापलीकडे सांडलेले पाणी गोठून काचेसारखा पट्टा झाला होता. तिथे एक पक्षी घसरला. दोन्ही पाय फाकले, पोट बर्फाला लागले. फरंगीस जागच्या जागी थांबली. मागच्या वर्षीचे सहा पाय तिच्या हातांना आठवत होते. पक्ष्याने पंख उघडले, एक पाय ओढून घेतला, मग दुसरा, आणि उठून चालू लागला.

मग ते सगळे पाण्यात उतरले.

फाटकामागून कारीजचा पाट जातो. डोंगराच्या पोटातून, जमिनीखालून कोसभर वाहत येणारे ते पाणी द्राक्षमळ्यांचे. उन्हाळ्यात त्याच्या थेंबाथेंबावरून भांडणे होतात. हिवाळ्यात त्याला कुणी विचारत नाही, ते तसेच शेतांत जाऊन पसरते. त्या पाण्यावरून वाफ निघत होती. पक्षी गुडघाभर पाण्यात उभे राहिले, माना खाली घातल्या आणि चोची उलट्या करून गाळ चाळू लागले. काहींनी अंग धुतले. बाकीच्यांनी एक पाय पोटाशी घेतला, चोच पाठीच्या पिसांत खुपसली आणि डोळे मिटले. भोवती बर्फ, वर डोंगराचा वारा, आणि ते डोळे मिटून उभे होते.

फरंगीसने हातमोजा काढून पाण्यात हात घातला. पाणी तिच्या हातापेक्षा गरम होते.

मागच्या वर्षी सहा पक्षी थंडीने मेले नव्हते. बर्फावर घसरून मेले होते. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, पाय तिनेच तपासले होते. पण बैठकीत 'थंडीने मरतील' हे वाक्य लागू पडे. थंडी सगळ्यांना कळते. तीन वर्षे तेच वाक्य बोलल्यावर ते तिलाही पटले होते आणि तिने पक्ष्यांना पाण्यातून काढून हीटरपाशी नेऊन बसवले होते.

मागून सगळे गाव आले. शाली, टोप्या, तूबा खानमच्या हातात अजून बदामांची बशी. जर्राबीआगांनी मोहंदेसांना काही समजवायला सुरुवात केली होती. पक्ष्यांना रोज या वेळी थोडी हवा खायला आणतात, व्यायामासाठी, असे काहीतरी. हे ऐकून फरंगीस उठली. यालाच होकार दिला असता तर सगळे सोपे होते. व्यायाम संपला म्हणून थवा परत घरात नेला असता, मोहंदेस समाधानाने गेले असते, आणि पक्षी भिंतीला चिकटून उन्हाळ्याची वाट पाहत उभे राहिले असते. खरे सांगितले तर अट मोडल्याची कबुली होती. मोहंदेसांनी उद्या ट्रक पाठवला तर त्यांना दोष देता येणार नव्हता.

"मोहंदेस, हे व्यायामाला आलेले नाहीत. माझ्या हातून सुटले. पण आलेत ते बरोबर जागी. थंडी यांना मारत नाही, बर्फ मारतो. वाहतं पाणी आणि वाऱ्याला एक भिंत असली की झालं, घर यांना नकोच आहे. ते घर माझी चूक आहे."

 तूबा खानमनी तिच्याकडे असे पाहिले, जसे झोपलेल्या माणसाची दुलई ओढणाऱ्याकडे पाहतात.

मोहंदेस कलबासी बराच वेळ पक्ष्यांकडे पाहत होते. मग त्यांचा लाल चेहरा हळूहळू फुलला आणि त्यांनी हात छातीवर ठेवला.

"खानम डॉक्टर, हा तुमचा मोठेपणा."

"मोठेपणा कसला? चूक आहे."

"तेच म्हणतो. एवढं काम करायचं आणि वर चूक म्हणायचं."

"आगा, मी खरंच सांगतेय. घर चुकलं."

"पाहिलंत?" मोहंदेस जर्राबीआगांकडे वळले. "विद्या आली की माणूस असा वाकतो."

तिने तीनदा सांगितले होते, त्यांनी तीनदा नाकारले होते. गुलदर्रेत तिसऱ्या वेळेनंतर बोलणे संपते.

मोहंदेसांनी तिथेच, पाटाच्या काठावर, निर्णय सांगितला. ते मूर्ख नव्हते. पक्षी कसे उभे आहेत हे त्यांना दिसत होते, पाण्यात त्यांनीही बोट बुडवून पाहिले. थवा इथेच राहील. पाटाच्या या तुकड्याला कोल्ह्यापासून कुंपण घालावे, मळेवाल्यांशी आपण स्वतः बोलू. फरंगीसने श्वास सोडला. आणि घराचे म्हणाल, मोहंदेस पुढे म्हणाले, तर ते मुळीच बंद करायचे नाही. उद्या पाणी आटले तर? पक्षी आजारी पडला तर? इतक्या कळकळीने बांधलेल्या घराचा गॅस तोडण्याचे पाप आपल्या माथी नको. उलट थंडी वाढली तर तो वाढवून मिळावा, असे ते वर सांगतील. आता, कुणाची हरकत नसेल तर, त्यांना चहा चालला असता.

कुणाची हरकत नव्हती. इतका निर्भेळ आनंद गुलदर्रेत बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. या वेळी दारात फारसा वेळ गेला नाही, कारण सगळेच गारठले होते.

मोहंदेस हीटरजवळच्या खुर्चीत दुपार कलेपर्यंत बसले. प्रांतात असे पक्षिगृह दुसरे नाही, असे ते दोनदा म्हणाले. जाळीपलीकडचे टाके रिकामे होते. मुख्याध्यापकांनी पट तिकडे हलवण्याचा विचार बोलून दाखवला, तिथे उजेड बरा होता.

फरंगीस आत आली तेव्हा सगळ्यांनी सरकून तिला जागा करून दिली. तिने बसायचे नाकारले. पाटातल्या पक्ष्यांना संध्याकाळचे खाणे फाटकाच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला ठेवायचे होते, आणि मध्ये तो काचेचा पट्टा होता. वाळू ओली होऊन गोठत होती, गवत वाऱ्याने उडत होते. ती पायांखाली पाहत होती.

"जर्राबीआगा," ती म्हणाली, "हा गालिचा."

"तुमचाच आहे, खानम डॉक्टर." जर्राबीआगा मोहंदेसांकडे वळून हसले. "सकाळपासून देतोय, घेत नाहीत."

"घेते."

जर्राबीआगांचा पेला ओठापाशी थांबला. त्यांचे पुढचे वाक्य तयार होते, पण ते तिने नको म्हटल्यावर बोलायचे होते. तिने दोन पायऱ्या गाळल्या होत्या. ते हाजी बेहरूज यांच्याकडे पाहू लागले, हाजी बदाम निवडू लागले.

"मुबारक असो," मोहंदेस म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "मोठं मन आहे तुमचं, आगा."

"छे," जर्राबीआगा म्हणाले. "त्यात काय."

सगळ्यांना पाय उचलावे लागले, तूबा खानमना टेबलही. सफदरने आणि फरंगीसने गालिचा गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि फाटकाबाहेर नेऊन बर्फावर अंथरला. उलटा, गाठींची खरखरीत बाजू वर, म्हणजे पाय धरतील. कडांवर दगड ठेवले. हिवाळी घराच्या खिडकीत एक चेहरा थोडा वेळ दिसत होता. मग वाफेने काच धुरकटली.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा खाण्याची घमेली भिंतीपाशी ठेवून दोघे बाजूला उभे राहिले. थवा पाण्यातून बाहेर आला आणि गालिच्याच्या काठाशी थांबला. पुढच्या पक्ष्याने मान लववली आणि बाजूला सरकला. दुसरा त्याच्यामागे गेला.

"झालं सुरू," सफदर म्हणाला. त्याने बोटांवर फुंकर मारली. "मोहंदेसांना बोलावू का? त्यांना जमतं."

 फरंगीस पाय मोजत नव्हती, नुसती पाहत होती. सकाळी घसरला होता तो पक्षी गालिच्याच्या अगदी कडेला उभा होता. त्याने एक पाय उचलला, धरून ठेवला.

घराचे दार किलकिले झाले. उजेडाची आणि लसणाच्या लोणच्याच्या वासाची एक पट्टी बाहेर पडली, आणि तिच्यात शाल गुंडाळलेल्या तूबा खानम उभ्या राहिल्या.

"आत या, खानम डॉक्टर. गारठाल. घर तुमचंच आहे."

"येते, तूबा खानम," फरंगीस म्हणाली. "आधी हे जाऊ देत."